तायडे काकाजींची परती

मनोहर तायडे मंगळवारी सकाळी गेले. त्यांच्या वहीत त्या दिवसाची एकच नोंद आहे: सात वाजता, त्रेसष्ट टक्के. आठ वाजता दूधवाल्यानं हाक मारली तेव्हा ते खुर्चीत होते आणि ओ देत नव्हते.

ते माझ्या नात्यातले नव्हते. मी अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ते अमरावतीला राहत, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या कॉलेजातल्या एका जुन्या प्राध्यापकांनी जमवलेल्या लोकगीतांच्या कॅसेटी कपाटात बुरशी धरून पडल्या होत्या, आणि त्या दुरुस्त करणारा माणूस अमरावतीत आहे असं कोणीतरी सांगितलं, म्हणून मी खोकं मांडीवर घेऊन एसटीनं गेले. राजापेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. दार उघडणाऱ्या माणसानं माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यानं मान वळवून उजवा कान माझ्या दिशेला केला आणि म्हणाला, "बोला."

मला तो उद्धटपणा वाटला. पुढे कळलं, ते सगळ्यांशीच असे वागत. माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा असतो ही गोष्ट त्यांना नोकरीनं विसरायला लावली होती. दर्यापूर, चांदूर बाजार, अमरावती अशा बदल्यांत त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं: बिघडलेल्या लाइनीत खराबी कुठे आहे ते शोधणं. शर्टाच्या खिशात पेन असावं तसा टेस्टर असे. फोन उचलल्यावर ते ‘हॅलो’ म्हणत नसत. "बोला, लाइन साफ हाये" म्हणत. लाइन साफ नसली तर तेही सांगत आणि ठेवून देत.

त्या दिवशी त्यांनी खोक्यातली एक कॅसेट पुसून लावली. अर्धं मिनिट ऐकलं असेल.

"ही बाई उभ्यानं गाऊन रायली," ते म्हणाले. "बसली असती तं आवाज पोटातून आला असता. कोन्या सायबानं उभी केली तिले?"

आतून त्यांच्या पत्नी शांताबाई पाणी घेऊन आल्या. "पाहुनीले बसा म्हनलं काय तुमी? त्या बी उभ्याच हायेत."

मी बसले. ती ओळख अशी चौदा वर्षं चालली. ते माझे काकाजी झाले आणि शांताबाई काकू.

एकदा दर्यापूरच्या स्टँडवर आम्ही तिघं जीपची वाट पाहत होतो. मागे एक म्हातारी कंडक्टरशी भांडत होती. काकाजी मागे न वळता म्हणाले, "सरपंचाच्या घरचा फोन. दर रविवारी पुन्याले लावाच्या तुमी, पोराले." म्हातारी भांडण सोडून वळली. तिच्या घरातला फोन काढून वीस वर्षं झाली होती. तिनं काकाजींना आधी शिव्या दिल्या, चोरून ऐकत होतास का म्हणून. मग त्यांच्या शेजारी बसून पोराची सगळी हकिकत सांगितली. जीप निघून गेली तरी ती उठली नाही, आणि काकाजींनीही उठवलं नाही.

"नोकरीत आवाज म्या लय पुढं धाडले, मॅडम," परतताना ते म्हणाले. "ठेवला एक बी नाही."

निवृत्तीनंतर त्यांनी ठेवायला सुरुवात केली. नवराबायको गावोगाव जात, बायकांची गाणी रेकॉर्ड करत: भुलाबाईची, हळदीची, पाळण्याची, दळणाची, बुद्धजयंतीला म्हणायची. काकाजी मशीन सांभाळत आणि खरं काम काकू करत. परक्या पुरुषासमोर बाई गात नाही. काकू गेल्या गेल्या ओसरीवर बसत, समोर जे काम पडलं असेल त्यात हात घालत, तुरीच्या शेंगा सोलत, आणि गुणगुणल्यासारखं एक गाणं चुकीचं म्हणत. मुद्दाम चुकीचं. गाण्यात कवठ असेल तर त्या बोर म्हणायच्या, बहीण असेल तर नणंद. दोन ओळी झाल्या की घरातली म्हातारी वैतागे. "तसं नाही वं बाई! कोनं शिकवलं तुले?" आणि बरोबर गाणं सुरू होई, शेवटापर्यंत.

ही युक्ती काकाजींना पटत असे आणि सोसत नसे. एकीकडे मशीन चालू, आणि काकू मध्येच म्हाताऱ्यांना विचारत, हसत, बांगड्या वाजवत. "शांता, मधात बोलू नको वं," ते म्हणायचे. घरी आल्यावर ते प्रत्येक रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेऊन साफ करायचे. सुरुवातीचं चुकीचं गाणं कापायचं, मधलं बोलणं कापायचं, म्हातारीचं स्वच्छ गाणं तेवढं ठेवायचं. कापलेल्या भागाला त्यांचा शब्द होता ‘खराबी’. अर्थात मूळ रेकॉर्डिंगही ते ठेवत. जुनं रजिस्टर फाडायचं नसतं, हा खात्याचा नियम. ती सगळी मूळ रेकॉर्डिंगं एका जुन्या डिस्कवर होती आणि तिच्यावर त्यांनी लिहिलं होतं: ‘कच्चं’.

बाहेरच्या खोलीत लोखंडी रॅकवर एक कॉम्प्युटरचा डबा होता. त्यात चार डिस्क आवाजांच्या. पाचवी लावली त्या दिवशी मी तिथे होते. पाचवीवर ऐकण्यासारखं काही नसतं, मग ती कशाला, असं काकूंनी विचारलं. काकाजींनी पाच कप मागितले आणि चिंचोक्यांचा डबा. चार कप पालथे घातले. कोणाखाली एक चिंचोका, कोणाखाली काही नाही. मग म्हणाले, "मोज. एकी का बेकी?" तीन होते. एकी. त्यांनी पाचव्या कपाखाली एक चिंचोका ठेवला. "आता झाली बेकी. मी तिकडं पायतो. तू कोनता बी एक कप उचलून ने, खाली चिंचोका असन तं त्याच्यासकट."

काकूंनी कप पदराखाली लपवला. काकाजी वळले, उरलेले चार कप उलटून मोजले, तीन निघाले, म्हणजे एकी, आणि म्हणाले, "तुह्या पदराखाली चिंचोका हाये."

"बाप्पा! जादू हाये काय?"

"जादू नाही. एकी-बेकी हाये. पाचव्यानं चौघाईचा हिशेब धरून ठेवला. एक डिस्क गेली तं बाकीच्या मिळून तिच्यावरचं सांगते. इंग्रजीत त्याले पॅरिटी म्हनते."

"परती?"

"पॅरिटी."

"थेच तं म्हनलं मी. गेलेलं परत आनते, मंग परतीच ना."

काकाजींनी कान तिकडे केला. मग त्यांनी टेपच्या तुकड्यावर मार्करनं ‘परती’ लिहिलं आणि पाचव्या डिस्कवर चिकटवलं. काकूंनी तेवढ्यात दोन कप उचलले होते. "अन् आता?"

"दोन गेले तं नाही सांगता येत."

काकूंनी एक कप परत ठेवला. "मंग एका टायमाले एकच जाऊ द्या म्हना."

उन्हाळ्यात कूलर त्या डब्याकडे तोंड करून असे. "मी इकडं उकडून रायली," काकू मला म्हणायच्या, "अन् थो डब्बा पाय कसा गार हवा खाऊन रायला. पुढच्या जन्मी मले हार्ड डिस्कच करा म्हनावं."

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. चार दिवस ताप आला आणि गेल्या. काकाजींनी मला फोनवर सांगितलं तेव्हा नेहमीसारखंच "बोला" म्हणून थांबले होते. फोन मी केला होता आणि मला काही माहीत नव्हतं. मी कॅसेटींबद्दल बोलत राहिले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "शांता गेली, मॅडम. परवा."

त्यानंतर त्यांनी गावं थांबवली. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायची. बहुतेक वेळा ते दुपारी कानाला हेडफोन लावून बसलेले असत. मी आले की काढत. "काय ऐकताय?" विचारलं तर म्हणत, "तपासून रायलो." रेकॉर्डिंगांचा दर्जा तपासत असतील असं मी समजले. मुलगी प्रज्ञा नागपूरला शिक्षिका आहे. ती घेऊन जायला आली तर तिलाही तेच उत्तर. तपासून रायलो, झालं की येतो.

या मे महिन्यात परती बंद पडली. अकोल्याप्रमाणेच अमरावतीही तेव्हा भाजत होती, आणि ती डिस्क जुनी होती. काकाजींनी नवी आणवली, जुन्या डिस्कवरची टेप अलगद सोडवून नवीवर चिकटवली. आता नव्या परतीला चारही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून हिशेब पुन्हा धरायचा होता. तो होईपर्यंत चारांपैकी एकही गेली असती तर गेलीच. आणि ‘कच्चं’ लिहिलेली डिस्क खरखरत होती. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

मी सुचवलं, "काकाजी, नव्या डिस्कवर आधी या कच्च्याचीच नक्कल करू या ना. परतीचं नंतर पाहू."

ते त्या डिस्ककडे पाहत राहिले. त्यांनी कशाकडे पाहावं ही गोष्टच विरळ, म्हणून माझ्या लक्षात राहिली.

"नक्कल केली तं एकीचीच होते," ते म्हणाले. "परती केली तं चारहीची. बाकीच्या बाया काय परक्या हायेत काय?"

यंत्रानं पहिल्यांदा अंदाज दाखवला तो सोळा तासांचा. दुसऱ्या दिवशी काकाजींचा फोन आला. "मॅडम, आता नऊ दिवस म्हनते." तिसऱ्या दिवशी ते अकरा झाले. चारही डिस्क एकाच वेळी, एकीच्या खांद्याला दुसरी लावून वाचल्या जातात. त्यातली एक हळू झाली की सगळ्यांना थांबावं लागतं. मला हे त्यांनीच समजावलं: "चौघी मिळून जड सतरंजी झटकते ना, तसं. एकीचा हात दुखला तं बाकीच्या जोर लावून काय करन?"

त्यांची पद्धत चाळीस वर्षांची होती. "खराबी पैले आपल्या टोकाले पाहाची," ते म्हणायचे, "मंग गावाले दोष द्याचा." एक्स्चेंजच्या रजिस्टरसारखी वही आखली: तक्रार, कारण, उपाय. रोज संध्याकाळी मला आकडा कळवत, जणू तापाचं माप. पहिलं कारण त्यांनी धरलं ते ऊन. दुपारी गती फार पडते हे वहीत दिसत होतं. कूलर डब्याला अगदी चिकटवला. डिस्क गार झाल्या, गती तीच. मग केबल. एकेक केबल बदलली. दर वेळी यंत्र बंद करावं लागे आणि हिशेब शून्यापासून सुरू होई. एकदा बारा टक्के, एकदा तीस टक्के असं पुसलं गेलं. एकदा लाइट गेली आणि इन्व्हर्टर संपला तेव्हा एकेचाळीसवरून शून्य. मी फोनवर हळहळले तर ते म्हणाले, "लाइन दुरुस्त करताना बंद ठेवाच लागते, मॅडम. त्याचं दुख नाही."

मग त्यांनी एकेक डिस्क वेगळी मोजली. तीन ठीक निघाल्या. कच्चंसुद्धा एकटी मोजली तर बरी चालत होती. म्हातारी, पण चालणारी. सगळ्या मिळून कामाला लागल्या की तीच मागे पडत होती.

"एकटी असली तं चालते," रविवारी ते मला म्हणाले. "कामाले लावली की थकते. म्हंजे दुसरं कोनी तिले बोलावून रायलं. एक मानूस दोन हाकेले ओ कसा देईन?"

"कोण बोलावतंय?"

"थेच पाहाचं हाये."

माझ्यासमोर त्यांनी चहा केला. साखर विसरले, पुन्हा घातली. निघताना नेहमीसारखे गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि रिक्षा दिसत नव्हती तरी म्हणाले, "आवाज आला, येऊन रायली." ती आली. मी मागे वळून पाहिलं तर ते रिक्षाकडे कान करून उभे होते, मी कोपरा वळेपर्यंत.

सोमवारी संध्याकाळी फोन आला.

"मॅडम, खराबी सापडली."

"काय होती?"

"आपल्याच टोकाले होती. या तुमी, सांगतो." आणि ठेवला.

मंगळवारी दहा वाजता प्रज्ञाचा फोन आला. ती नागपूरहून निघाली होती. मी मिळेल ती गाडी धरून बडनेऱ्याला उतरले आणि साडेबाराला पोचले. गल्लीतली माणसं जमली होती. आतल्या खोलीत बुद्धवंदना चालू होती. बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती म्हणून मी रॅकच्या कडेला उभी राहिले. डब्याचा दिवा लुकलुकत होता. कोणी तो बंद केला नव्हता. कोणाला ते सुचणारही नव्हतं. हेडफोन खिळ्याला टांगलेला होता, वायर नीट गुंडाळून, वर दोरा बांधून. तो खिळा मी त्या भिंतीत पहिल्यांदा पाहिला. त्याच्याभोवतीचा चुना ताजा पडला होता.

एक वाजून गेल्यावर दिव्याचं लुकलुकणं थांबलं आणि तो स्थिर झाला. मी कॉम्प्युटरचा पडदा पाहिला. काम पूर्ण. चुका शून्य. काकाजींना अजून बाहेर काढलं नव्हतं.

वही मी चार दिवसांनी वाचली. प्रज्ञानंच हातात दिली. सोमवारची नोंद अशी:

*तक्रार: काम हळू. कारण: खराबी आपल्याच टोकाला. दुपारचे ऐकणे. ऐकायचा प्रोग्रॅम बंद केला तरी मागे कच्च्याच्या फायली चाळत राहतो. उपाय: प्रोग्रॅम काढला. ऐकणे बंद. रात्री ९ ला पुन्हा सुरू. अंदाज १६ तास.*

काय ऐकत होते, हे पुढे लिहिलेलं नव्हतं. ते मागून लिहिलेलं होतं. वही उलटी धरली तर शेवटच्या पानापासून दुसरी यादी सुरू होत होती. गावाचं नाव, रेकॉर्डिंगचा क्रमांक, मिनिट, सेकंद आणि पुढे एकच अक्षर: ‘शां’. कुठे कुठे एखादा शब्द. ‘शां. हसते.’ ‘शां. चुकीचं, दोन ओळी.’ ‘शां. पाणी मागते.’ ‘शां. बांगडी फक्त.’

काकूंचं असं रेकॉर्डिंग एकही नव्हतं. शेकडो बायकांना गाती करणाऱ्या बाईला कोणी "आता तू म्हण" म्हटलं नव्हतं. साफ केलेल्या तीन डिस्कवर ती कुठेच नाही, कारण तिथून तिला काढूनच त्या साफ झाल्या होत्या. जी काही होती ती कच्च्यावर, दुसऱ्यांच्या गाण्याआधी आणि मध्ये. दोन वर्षं काकाजी दुपारी दुपारी ती शोधत होते. शेवटी सोमवारी त्यांना कळलं की त्यांच्या शोधण्यानंच सगळ्यांची परती अडली आहे, तिचीही. तेव्हा त्यांनी खिळा ठोकला. यादी चांदूर बाजारपर्यंत आली होती. दर्यापूरकडची गावं राहिली होती.

मला त्यांची चूक आठवते ती याच कारणानं. लाइनीवरची प्रत्येक खरखर ओळखणारा माणूस, आणि ऐकणं हेही ओझं असतं हे त्याच्या हिशेबात कधी आलं नाही. आवाज ऐकल्यानं झिजत नाही, असंच आपण सगळे समजतो.

प्रज्ञानं डबा आमच्या ग्रंथालयाला दिला. अकोल्यात तो आता तळमजल्यावर, सगळ्यात गार खोलीत आहे. पहिल्याच आठवड्यात मी कच्च्याची नक्कल करून घेतली, एका वेगळ्या डिस्कवर. मूळ डिस्कला आता कोणी हाक मारत नाही. पाचव्या डिस्कवर टेपचा तुकडा तसाच आहे. कॉलेजचे कॉम्प्युटरचे सर एकदा हसले. "मॅडम, पॅरिटीचं स्पेलिंग?" मी म्हटलं, बरोबर आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी नकलेवरून ऐकते. दर्यापूरकडची गावं मी घेतली आहेत. सवयीनं प्रत्येकाचं एक कार्ड करते: गाव, क्रमांक, मिनिट, ‘शां’. काकाजींनी नऊ मिनिटं जमवली होती. माझी दीड झाली आहेत.

मागच्या गुरुवारी एक सापडलं. शेंगा सोलल्याचा आवाज आहे. काकू म्हणतात, "बोरीच्या झाडाखाली माह्या नंदेचं घर..." दूर कुठेतरी कोंबडा आरवतो. एक म्हातारी करवादते, "नंदेचं कुठचं वं? बहिनीचं! अन् बोर नाही, कवठ!" मग जवळून, अगदी मशीनला तोंड लागल्यासारखा, एक पुरुषाचा आवाज.

"शांता, मधात बोलू नको वं."

"काहून? मी काय मुकी हावो?"

म्हातारी हसते, काकू हसतात, आणि कवठीच्या झाडाचं गाणं सुरू होतं.

काकाजींनी स्वतःचा आवाजही कापलेलाच होता. त्यांचंही रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठे नाही. मी त्यांच्यासाठी वेगळं कार्ड केलं नाही. तिच्याच कार्डावर, खाली, मनोहर या नावाचं ‘म’ लिहिलं. आतापर्यंत काकूंची साडेदहा मिनिटं आहेत, आणि त्यांचं ते एक वाक्य.